नगरसेवकाची नक्कल

आमच्या नगरसेवकांची नक्कल करताना मी तोंडाला काळा रंग फासला. कोणी फासायला सांगितलं नव्हतं. पैज लागली नव्हती. प्यायलेला नव्हतो, गुजरातेत राहणाऱ्याला ती सबब सांगायचीही सोय नसते. भर दुपार होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि गाठीशी मास्तरकीची सत्तावीस वर्षं होती. तरीही फासला.

आमची शाळा सुरतेच्या उधना भागातली, पालिकेची, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशातून सुरतेत आलेल्या घरांतली. कोणाचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कोणाची आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. मी साताऱ्याकडचा. नगरसेवकही खानदेशातलेच, तरुणपणी लूमवर पाळ्या केलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. बोलतात अहिराणीत, चालतात डावा खांदा जरा उचलून, आणि रंगानं काळे आहेत. हे शेवटचे शब्द लिहिताना आत्ताही मी एकदा दाराकडे बघून घेतलं.

शाळेच्या मागून खाडी जाते. सुरतेत खाडी म्हणजे समुद्राची नव्हे. वस्त्यांमधून वाहणारा आणि पावसाळ्यात फुगणारा मोठा नाला. गेले तीन पावसाळे तिचं पाणी आमच्या तळमजल्यावर आलं. पहिली-दुसरीच्या वर्गांत कमरेइतकं. मुलांच्या कमरेइतकं नव्हे, माझ्या. दरवेळी भाऊ गमबूट घालून आले, पाण्यात उभे राहून फोटो काढून घेतला आणि "खाडीले भिंत व्हई म्हंजे व्हईच!" असं छातीवर हात मारून सांगून गेले. भिंत होणार म्हणजे होणारच. झाली काही नाही. पहिली-दुसरीची मुलं तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात बसतात.

शनिवारी मोठ्या सरांचा विदाय समारंभ, म्हणजे निरोपाचा कार्यक्रम होता. भाऊ प्रमुख पाहुणे. दीड तास वाट बघितली, समोशांवरचं तेल गोठलं, भाऊ आले नाहीत. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सर, तोवर तुम्हीच भाऊ व्हा ना."

मला असं म्हणायची कोणाला फार गरज नसते. मी वाक्य संपायच्या आत उठलेला असतो. शेजारच्या खोलीत स्नेहसंमेलनाची पेटी होती, तिच्यात मिशा, मुकुट, आणि काळ्या रंगाची एक डबी. ती डबी आम्ही वर्षानुवर्षं राक्षसांसाठी वापरत होतो. मी दोन बोटं बुडवली, गालांवर ओढली, कपाळावर ओढली, डावा खांदा उचलला आणि हॉलमध्ये शिरलो. जो हशा उठला, तसा माझ्या आयुष्यात पुन्हा उठणार नाही. उठूही नये.

मग मी चार मिनिटं बोललो, आणि ती चार मिनिटं, खरंच सांगतो, चांगली होती. कोणत्या पावसाळ्यात कोणतं आश्वासन, कोणते गमबूट, कोणता फोटोग्राफर, सगळं होतं त्यात. "शाळामा पानी उनं तर काय व्हयनं? पोरे पवाले शिकतीन!" शाळेत पाणी आलं तर काय झालं, पोरं पोहायला शिकतील! मोठे सर डोळे पुसत हसले. आमच्याकडे तासांवर येणारी एक तरुण शिक्षिका आहे, तिनं सगळं मोबाइलवर घेतलं आणि मला पाठवलं.

पुढचं काम मीच केलं. ती क्लिप मी माझ्या स्टेटसला लावली. स्टेटसला चार मिनिटं मावेनात, म्हणून कापली. दारातून शिरणं ठेवलं, काळं तोंड ठेवलं, खांदा ठेवला, पोहण्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं तेही ठेवलं. खाडी गेली, भिंत गेली, पहिली-दुसरीची मुलं गेली. हशाच्या जागा तेवढ्या राहिल्या. आणि माझा नंबर शाळेतल्या सगळ्या पालकांकडे आहे.

रविवारी सकाळी बायकोनं मला उठवलं ते फोन हातात धरून.

"हे तुम्ही आहात?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं कौतुक आहे.

"मग खिडकी लावून घ्या," ती म्हणाली.

पालकांच्या ग्रुपवर तोवर दीडशे मेसेज झाले होते. खानदेशी माणूस काळा म्हणून त्याला हिणवलं. लूमवर मरमर मरून वर आलेल्या माणसाला पांढरपेशा मास्तर हसतो. आमच्या पोरांनाही वर्गात असाच हसत असेल. कॉलेजात जाणाऱ्या कोणाच्या तरी बहिणीनं इंग्रजीत लिहिलं होतं, हा रेसिझम आहे. त्याखाली कोणीतरी मराठी केलं होतं, वर्णद्वेषी शिक्षक.

वर्णद्वेष हा शब्द मी दरवर्षी सातवीला निळ्या खडूनं फळ्यावर लिहितो. दक्षिण आफ्रिका, वेगळे बाक, वेगळे नळ. माझा तो तास चांगला होतो असं म्हणतात. शेवटी मी विचारतो, "आपल्याकडे असं असतं का?" आणि मुलं एका सुरात "नाही सर" म्हणतात, आणि मी फळा पुसतो.

एका पालकानं माझी बाजू घेतली. त्यानं लिहिलं, सर खाडीच्या भिंतीबद्दल बोलत होते. लगेच खाली उत्तर आलं, "कुठे आहे भिंत? व्हिडिओत दाखवा." व्हिडिओत भिंत नव्हती. मी पलंगावर बसून स्वतःची क्लिप चार वेळा पाहिली, नव्हतीच.

आता शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. मी खुलासा लिहायला घेतला. बायको म्हणाली, "मला दाखवल्याशिवाय पाठवू नका." ती दूध बंद करायला आत गेली आणि मी पाठवला. तो खुलासा मला पाठ आहे, कारण नंतर लोकांनी तो मला अनेकदा ऐकवला. "मी टीका कामावर केली, रंगावर नाही. माझे अनेक विद्यार्थी काळे आहेत आणि ते मला अतिशय प्रिय आहेत."

बायको परत येईपर्यंत दीडशेचे अडीचशे झाले होते.

तिनं खुलासा वाचला. फोन माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, "अनेक म्हणजे किती, तेही लिहायचं होतं. यादी जोडायची."

संध्याकाळी एक आवाजी मेसेज आला. अनोळखी नंबर. मागे मोटरींची घरघर, आणि समोर अगदी शांत आवाज. "सर, नमस्कार. सोमवारी भाऊंबरोबर शाळेत येतो आम्ही. तुम्हाला रंग आवडतो ना? तुमच्या डबीतला धुतला की जातो. आमच्याकडे पक्का आहे."

एवढंच. शिवी नाही, ओरडणं नाही. मी मात्र मेसेज पुन्हा लावायच्या ऐवजी फोन उशीखाली ठेवला, जणू तो तिथे गुदमरेल.

आपल्या राजकारणात तोंडाला काळं फासण्याची एक रीत आहे. अधिकारी, वक्ते, कोणी नको ते बोललेला माणूस. पेपरात तसे फोटो मी पाहिले होते आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच प्रश्न आला होता, याच्या चष्म्याचं काय झालं असेल? आता तो चष्मा माझा होता. आणि आवाज कोणाचा, हेही मला कळलं होतं.

तो माझा जुना विद्यार्थी. सुरतेबाहेर पलसाण्याला, कापड रंगवण्याच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्टरच्या हाताखाली काम करतो. मागे एकदा उधना तीन रस्त्याच्या चौकात भेटला होता तेव्हा त्याच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. "सर, हा आठ-आठ दिवस निघत नाही," असं तो हसत म्हणाला होता. पण मला घाम फुटला तो त्यामुळे नाही. तिसरीपासून पाचवीपर्यंत, तिन्ही स्नेहसंमेलनांत मी त्याला राक्षस केला होता. त्यानं एकदा विचारलं होतं, सर, मी राजा होऊ का? मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तू राक्षसच हो बाबा, आपली डबी वाचते." वर्ग हसला होता. तोही हसला होता. मला ते इतकी वर्षं गमतीचं आठवत होतं, आणि त्या रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा त्यात गंमत सापडेना.

बायकोला मी मेसेज ऐकवला, ही गोष्ट सांगितली नाही. तिनं खोबरेल तेलाची बाटली आणून समोर ठेवली. धुळवडीला मुलांच्या तोंडाला लावतो तसं लावून जा, म्हणजे रंग मुरणार नाही. ती थट्टा करत होती की नाही हे मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही. सोमवारी सकाळी मी कानांच्या मागे, पापण्यांवर, मिशीच्या मुळाशी, सगळीकडे तेल चोपडलं. आजारी पडावं असंही मनात आलं होतं, पण शाळेत नसलो तर ते घरी येतील, आणि घरात भिंतींना नुकताच रंग दिला होता.

हेल्मेटची काच पाडून स्कूटर चालवली. एरवी मी काच पाडत नाही, वाफ धरते. उधना तीन रस्त्याला सिग्नलवर माझ्या दोन्ही बाजूंना मोटरसायकली येऊन थांबल्या तेव्हा मी सरळ पुढे बघत राहिलो. काचेवर आतून वाफ, चेहऱ्यावर तेल, त्यात घाम. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा समजलं की सिग्नल कधीचा हिरवा झालाय. डावीकडच्या मोटरसायकलवर एक बाई मांडीवर कोबी घेऊन बसली होती. तिलाही मी भ्यालो होतो.

शाळेत कोणी माझ्याशी नीट बोलेना. शनिवारी जे पोट धरून हसले होते, त्यांना सोमवारी आपण हॉलमध्ये होतो की नव्हतो तेच आठवेना. मोठ्या सरांच्या जागी आलेल्या मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सर, ऑफिसातच बसा. वर्गात काही झालं तर मुलं बघतील." मग माझ्याकडे निरखून म्हणाल्या, "तुम्हाला ताप आहे का? चेहरा चकाकतोय."

मी ऑफिसात बसलो. माझ्यासमोरच्या भिंतीवर, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, तिन्ही पुरांच्या तीन तपकिरी रेघा आहेत. एकीखाली एक. त्या मी बघत बसलो आणि बाहेरच्या गाड्या ऐकत बसलो. रिक्षा. टेम्पो. पुन्हा रिक्षा. एक मोटरसायकल फाटकाशी थांबली की मी उठून उभा राहायचो, निघून गेली की पुन्हा बसायचो. तीन वेळा मुतारीत जाऊन आलो. चौथ्यांदा निघालो तेव्हा खेळाच्या सामानाची खोली उघडी दिसली आणि मी, वय वर्षं छप्पन्न, चटया आणि लेझमांच्या मधे जाऊन उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. लेझमांना धक्का लागला की झणझणायच्या, म्हणून श्वासही जपून घेत होतो. तिथेच मला शोधत मोठ्या बाई आल्या.

"सर," त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "ते आलेत. आणि तुम्ही दिसताय."

भाऊंबरोबर वीस-पंचवीस जण होते. एका मुलाच्या हातात माइक, एका बातमीच्या चॅनेलचा, आणि त्याच्या बाजूला कॅमेरावाला. आणि सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून, तो. वाढला होता, खांदे भरले होते. हातात पाच लिटरचा पांढरा कॅन. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून आतलं काळं दिसत होतं. त्यानंतर ऑफिसात जे काही झालं, ते मी त्या कॅनकडे बघत ऐकलं.

भाऊ ओरडले नाहीत. रेघांच्या भिंतीकडे पाठ करून बसले, मला समोर बसवलं, आणि माइक नीट आल्याची खात्री करून गहिवरल्या आवाजात बोलू लागले. "सर, मी काळा शे. मना बाप काळा व्हता. पत्र्यानी पेटी लिसन आम्ही ह्या गावमा उनूत. दोन लूमच्या मधे झोपलो. आज ह्या खुर्चीवर बसलो तर तुम्ही मना रंगवर हसनात." पत्र्याची पेटी घेऊन या गावात आलो, आणि आज तुम्ही माझ्या रंगावर हसलात. आणि त्यांचा आवाज खरंच कापला. तो कॅमेऱ्यासाठी कापला की आतून, हे मी आजही सांगू शकत नाही. मला वाटतं दोन्ही. ते जे म्हणत होते त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी हसलो होतो. आणि त्यांच्या पाठीमागे, अगदी खांद्याच्या बाजूला, त्या तीन रेघा होत्या, आणि भिंतीबद्दल ते चकार शब्द काढत नव्हते. त्यांना गरजच नव्हती. खाडीवरून त्यांना प्रश्न विचारणारा एक माणूस होता आणि त्या माणसानं स्वतःच तोंड रंगवून स्वतःला बाद केलं होतं.

हे सगळं मला आता सुचतंय. तेव्हा मला फक्त कॅन सुचत होता.

"बोला सर," माइकवाला मुलगा म्हणाला.

मी उभा राहिलो.  म्हणालो, मी जे केलं ते चुकीचं होतं. रंगावरून माणसाला हसणं हे वाईटच, आणि मी शिक्षक आहे म्हणून जास्त वाईट. भाऊंची आणि सगळ्या पालकांची मी माफी मागतो. इथपर्यंत ठीक होतं. इथपर्यंत मनापासूनही होतं. भाऊंनी मान हलवली, माइक खाली जायला लागला, म्हणजे संपलं होतं. तेवढ्यात दाराशी त्यानं कॅन या हातातून त्या हातात घेतला. आतलं डचमळलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "आणि खाडीच्या भिंतीबद्दल मी जे बोललो, तेही चूक होतं. भाऊंनी फार काम केलंय. पाण्याचा आम्हाला काहीही त्रास नाही."

माइक पुन्हा वर आला. भाऊ क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. कोणी मागितलं नव्हतं ते. ते हळूच माइकवाल्याला म्हणाले, "हाई लिधं ना?" हे घेतलंस ना? मग उठले, माझ्या पाया पडले, कॅमेऱ्याकडे बघून "गुरू तो गुरूच" म्हणाले. त्यांचे हात माझ्या पायांना लागले तेव्हासुद्धा मी दचकून मागे सरकलो. तेही चित्रीकरणात आलंय.

सगळे गेले. मोटरसायकली एकेक करत सुरू झाल्या. तो गेला नाही. कॅन जमिनीवर ठेवून तो समोर उभा राहिला. मोठ्या बाई काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकल्या.

"तेल लावलंय का सर?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"त्यानं काही झालं नसतं. हा रंग पॉलिस्टरवरही चढतो."

"तू खरंच फासणार होतास?"

"हो," तो म्हणाला. "काल संध्याकाळपर्यंत हो. मग तासांवर येणाऱ्या त्या बाईंकडून आख्खा व्हिडिओ मागवून घेतला. चार मिनिटांचा. घरी सगळ्यांनी बघितला. मनी पोरगी दुसरीत आहे इथं, तुम्हाला माहीतच नसेल. व्हरांड्यात बसते, पाऊस तिरका आला की दप्तर भिजतं." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "भाऊंसमोर, त्या माइकसमोर लावणार होतो. म्हटलं, सरांनी रंगाची माफी मागू दे, ती मागायलाच पाहिजे. मग मी म्हणेन, भाऊ, आता पुढचं ऐका. भिंतीचं. बाहेर पंधरा पालक थांबले होते त्यासाठी. कॅन आणला तो भाऊंना संशय येऊ नये म्हणून."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकाशी बायका उभ्या होत्या, दोन-तीन माणसं पाळी चुकवून आलेली, एकाच्या केसांत कापसाचे तंतू. ती पांगायला लागली होती.

"अजून लाव ना," मी म्हणालो. "मी बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलणार? पाण्याचा त्रास नाही म्हणून तुम्हीच सांगितलं. कॅमेऱ्यात आहे."

मला खूप काही म्हणायचं होतं. स्नेहसंमेलनाचं म्हणायचं होतं, राजाचं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मी घाबरलो रे."

त्यानं कॅन उचलला. दारापर्यंत गेला आणि वळला. आवाज तसाच शांत होता, त्या मेसेजमधल्यासारखा.

"माफी रंगाची मागायची होती सर, भिंतीची नाही. मी तुमच्या हाताखाली शिकलो, हे आता कोणाला सांगू नका."